शाळा सोडल्याचा दाखला

बाबा, आज मी शाळेच्या ऑफिसात एका बापावर ओरडले, आणि ओरडताना समोरच्या खुर्चीत तुम्हीच बसला आहात असं मला वाटत होतं. माणूस साधा. दारव्हा-यवतमाळ जीप चालवतो. माझ्या नववीच्या वर्गातल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला होता. दोन वर्षांपूर्वी बायको वारली, तेव्हापासून घरात तो आणि पोरगी. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, सगळे म्हणून राह्यले का पोरगी मोठी झाली, तिले मावशीजवळ मारेगावले ठेव. तिथं घर भरलेलं हाय." सगळे! हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "कोण सगळे? ताप आला तं पोरीच्या उशाशी कोण बसते, सगळे का तुमी?" तो हातातला अर्ज उलटसुलट करत राहिला.

तुमच्याकडेही असेच सगळे आले होते. मी तेरा वर्षांची होते. आईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत आपलं दोघांचं काय अडलं होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. दिवसभर दुकानात मोटारीची वाइंडिंग करून तुमच्या बोटांना तारेची सवय, त्यामुळे तुम्ही घातलेल्या माझ्या वेण्या संध्याकाळपर्यंत हलत नसत. पोळी मात्र तुम्हाला कधी गोल जमली नाही. मी हसले की तुम्ही म्हणायचात, "पोटात जाऊन गोलच होते, खाय." त्या उन्हाळ्यात मला पाळी आली तेव्हा तुम्ही शेजारच्या शिवणकामवाल्या मुसलमान मावशींना, आपल्या खालांना, हाक मारली आणि स्वतः मेडिकलमध्ये गेलात. पेपरात गुंडाळलेलं पाकीट खालांच्या हातात देऊन दाराबाहेर उभे राहिलात. खालांनी मला सगळं नीट समजावलं, आणि जाताना तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाईजान, घाबरू नका, पोरगी शहाणी हाय." घाबरलो होतो ते आपण दोघंही, पण निभावलं होतं आपण.

आणि महिन्याभरातच ती बैठक. पुढच्या खोलीत मोठे काका, बोरी अरब गावची आत्या, तिचे यजमान आणि आईकडचे एक मामा. मी आतल्या दाराला टेकून उभी आहे. काका म्हणतात, बाप्या माणसाचं हे काम नव्हे. आत्या म्हणते, "वयात आलेली पोट्टी, घरात बाई नाई, लोकं काय म्हणतीन? बोरीले माह्याजवळ ठेव." चार वर्षांत यांच्यापैकी एकानंही मी काय जेवते ते विचारलं नव्हतं. आणि तुम्ही काय करताय? चहा करताय. कप पुसून पुसून ट्रेमध्ये ठेवताय. मी वाट बघतेय की हा माणूस आता ट्रे खाली ठेवील आणि म्हणेल, माझी पोरगी माझ्याजवळ राहील. तुम्ही सगळ्यांना चहा दिलात आणि म्हणालात, "तुमी म्हणता तं ठीक हाय." दुसऱ्या दिवशी शाळेतून माझा दाखला काढून आणलात. खालांना कळलं तेव्हा त्या तुमच्याशी भांडल्या. त्या परक्या होत्या, त्यांचं कोण ऐकणार! मला त्या भांडणाचा एकेक शब्द पाठ आहे. तुमचं "ठीक हाय"सुद्धा.

आत्याकडे मला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ताटाला अकरा माणसं बसत. मी बारावी. कोणी विचारलं, कशी आहेस, तर मी म्हणे बरी, आणि विचारणारा पुढे निघून जाई. शाळेत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा आत्या म्हणाली, "बापानं लाडावून ठेवलेली." तुमच्याजवळ असताना मी वर्गात दुसरी यायचे, हे तिला माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात शाळेत एक फॉर्म आला होता. पुष्कळ देशांतल्या या वयाच्या मुलांकडून तोच भरून घेतात म्हणे. घरात कोण कोण राहतं, वाईट वाटलं तर कोणाशी बोलतोस, असे प्रश्न. नाव लिहायचं नव्हतं, पण गठ्ठा लावताना या मुलीचं अक्षर मी ओळखलं. घरात कोण? फक्त बाबा. बोलतेस कोणाशी? 'बाबांशी, आणि बाजूच्या आजीशी.' भरल्या घरांतल्या कितीतरी मुलांनी ती ओळ कोरी सोडली होती. तरी आज एक सहकारी बाई मला कानात सांगतात, एकट्या बापाजवळची पोरगी आहे, लक्ष ठेवा. त्या कोऱ्या ओळींवर कोण लक्ष ठेवणार, हे मी त्यांना विचारलं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नका बोलू.

शेवटी मी मुलीला वर्गातून बोलावलं. बापासमोर विचारलं, "तुले जाचं हाय का मारेगावले?" ती आधी बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाई. पण बाबाले सगळे बोलतात, म्हणून जातो म्हटलं." त्या माणसाला एकदम रडू आलं. मुलीनं पुढं होऊन त्याच्या हातातला अर्ज काढून घेतला आणि घडी करून स्वतःच्या दप्तरात टाकला. म्हणाली, "चाला, स्टँडवर तुमच्या जीपचा नंबर जाईन." दोघं गेले. दाखला निघाला नाही.

नंतर स्टाफरूममध्ये मी तावातावानं सांगितलं, की माझ्या बापानं मला असं एकदाही विचारलं नाही. नवऱ्यालाही लग्नापासून हेच सांगत आले आहे.

ते खरं नाही, बाबा. मी गेल्यावर पहिल्याच दिवाळीच्या आधी तुम्ही बोरीला आला होतात. आत्याच्या अंगणात सायकल धरून उभे. आत्या पाणी आणायला आत गेली तेवढ्यात तुम्ही हळूच विचारलंत, "चालतं का माह्यासंगं घरी? मी सांगतो त्यायले." मी तुमच्याकडे न बघता म्हटलं, "नाई. मले इथंच बरं हाय." तुम्ही मान हलवली, पाणी प्यालात आणि गेलात. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही हयात होतात, आणि मी तो विषय एकदाही काढला नाही. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? टेबलाच्या खणात राहील. तुमच्या मनाला लागावं म्हणूनच 'नाई' म्हटलं होतं मी. मले घरी याचं होतं, बाबा.