बूटांच्या दुकानातून दादाला

४ ऑक्टोबर, शनिवार
दुपारी, दुकानातून

प्रिय दादा,

धाकटीचा सलाम. वहिनींची तब्येत बरी असेल, आणि रविवारच्या उपासनेत तासभर उपदेश करून तुझा घसा बसत नसेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण बोलतात तरी.

तीननंतर दुकानात कुणी नसतं. ऊन काचेतून आत येतं आणि एकेक फळी वर चढत जातं. आधी लहान मुलांचे बूट उजळतात, मग बायकांचे सँडल, सगळ्यात शेवटी वरचे काळे बूट. मी बुटक्या स्टुलावर बसून पेंगते. अर्धवट झोपेत वाटतं, ही सगळी माणसं चपला-बूट बाहेर काढून कुठेतरी आत गेलीत. बाबाही त्यांच्यातच आहेत. मी नुसती राखण करतेय. फार बरं वाटतं रे.

मी अजून प्रत्येक गिऱ्हाइकासमोर गुडघ्यांवर बसते. पाय पुसते, मापते, बूट चढवते. मदतीला असतात त्या काकू म्हणतात, "बाई, तुम्ही लोकांच्या पाया पडता म्हणून ते परत येतात. बुटांत काही दम नाही!" मी हसते. मिशनच्या शाळेच्या व्हरांड्यात एकदा सिस्टरने खाली बसून माझ्या बुटाची नाडी बांधली होती. वर न बघता म्हणाली, "बाळ, दुसराही पाय दे." मी दुकान चालवायला शिकले ते तिथे. आणि ती कुणाकडून शिकली, ते तुला सांगायला नको; शिष्यांचे पाय धुणारा गुरू एकच.

बाबांच्या मागे तू दुकानाच्या पाटीवर बायबलमधलं वचन रंगवायचं म्हणालास. मी नको म्हटलं. "लाज वाटते का तुला त्याची?" असं विचारलंस. मी तोऱ्यात म्हणाले, "पाटी कशाला? काम बोलेल." तू चहाही न घेता गेलास. तेव्हापासून अकरा वर्षं आपण एकमेकांना फक्त आजारपणं आणि लग्नं कळवतो.

मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. बोटं वाकडी झालेली, घोट्यावर मोठा व्रण. "राहू द्या, माझी मी घालते. पाय बघण्यासारखा नाही."

"मी दिवसभर पायच बघते हो," म्हटलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती आहात का?"

इथे काकूंनी हाक मारली म्हणून पत्र ठेवलं होतं. खरं सांगू? हाक मारून त्या लगेच गेल्याही होत्या. मीच उगाच डबे पुसत बसले. आता सहा वाजलेत.

दादा, मी नाही म्हणाले.

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनी माना वळवल्या. मी म्हटलं, "छे हो! दुकानाची पद्धत आहे ती." "असं होय," म्हणत बाईंनी पाय मागे घेतला. मग म्हणाल्या, "मी हॉस्पिटलात होते तेव्हा तुमच्या... म्हणजे, त्यांच्यातली एक नर्स असाच पाय धरायची. आभार मानायचे राहून गेले. म्हणून विचारलं."

काम बोललं, दादा. आणि मीच त्याचं तोंड दाबलं. त्या दिवशी पाटीला नाही म्हणताना मनात नम्रता किती होती आणि भीती किती, हे मी अकरा वर्षं नीट पाहिलंच नाही.

पाटी मला अजूनही नकोय. तेवढं भांडण शिल्लक राहू दे. पण त्यांच्या पायाच्या मापाचे रुंद बूट बनवायला टाकलेत, ते न्यायला त्या गुरुवारी येतील. "हो, मी ख्रिस्ती आहे." चारच शब्द. रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणून पाहिले, तर आवाज पहिलीतल्या मुलीसारखा आला. कुणाला तरी आधी सांगितल्याशिवाय जमायचं नाही, म्हणून तुला लिहिलं.

गुरुवारी सकाळी माझ्यासाठी प्रार्थना कर. लोकांसमोर नको, घरीच, वहिनी आणि तू. आणि चिडलास तरी चालेल, पण या वेळी उत्तर लांबलचक लिही.

नाही म्हटल्यावरही ज्याने मला सोडलं नाही, त्याची
आणि तू ठेवलंस तर तुझी,
धाकटी