तीस रायफली, सगळ्या उजवीकडे

३ मार्च, सकाळी ६
वीट आलाय. काल तीस रंगरूटांनी शंभर मीटरवरून दीडशे गोळ्या झाडल्या. लाल ठिपक्यात चार. त्याही एकट्या ससोबाच्या. बाकीच्यांच्या सगळ्या वीतभर वर, उजवीकडे. भोकं एकमेकांना चिकटलेली, पण ठिपक्याशी भांडण असल्यासारखी लांब. बघून शिसारी आली.
आधीच्या दोन तुकड्या नेमबाजीत नापास. साहेबांनी बोलावून सांगितलं, तिसरीही गेली तर उस्ताद, तुम्ही मैदान सोडा आणि कोठीत घोंगड्या सांभाळा. बावीस वर्षं शिकवल्यावर घोंगड्या!
संकल्प: आजपासून रंगरूटांवर ओरडायचं नाही.

३ मार्च, सकाळी ८
ओरडलो. लंबू विचारतो, उस्ताद, माझ्या रायफलीची साइट मीच जुळवून घेऊ का? म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! नेम धरायच्या तीसच्या तीस साइट मी स्वतः गोळ्या मारून जुळवल्यात. चार दिवस लागले. गेल्या दोन तुकड्यांपासून हे काम मी कुणावर सोडत नाही. या माकडांच्या हाती कोलीत कोण देणार?

५ मार्च
शांतपणे विचार केला. दोष रायफलींचाच. लंबूचीच रायफल घेऊन पाच गोळ्या मारल्या, पाचही ठिपक्यात. म्हणजे रायफल भिकार, हात कसलेला. सगळ्या रायफलींची शास्त्रीय चाचणी व्हावी, असा तीन पानी अर्ज साहेबांना दिला.
घरी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, तुमची लागते आणि पोरांची सगळ्यांची एकाच जागी चुकते, मग बिघाड रायफलीत कसा? म्हटलं, तांत्रिक विषय आहे. ती भाजी चिरायला लागली. चिरण्याचा आवाज जरा जास्तच होता.

९ मार्च
ससोबाला आज जवळून पाहिलं. गोळी सुटायच्या आधीच डोळे गच्च मिटतो, खांदा आक्रसतो, नळी झुकते. किळसवाणं दृश्य. तरी गोळी ठिपक्यात! उपजत गुण, दुसरं काय. बाकीच्यांना सांगितलं, याच्याकडून शिका. लंबूने तोंड वाकडं केलं. त्याला मैदानाला चार फेऱ्या.

१२ मार्च
अर्ज मंजूर. प्रयोगशाळेतून एक बाई आली. सोबत लॅपटॉप आणि लोखंडी शिकंजा. त्यात रायफल आवळायची, साइट ठिपक्यावर आणायची आणि दुरून दोरीने खटका ओढायचा. माणसाचा हात नाही, की श्वास नाही. मी मदतीला गेलो तर म्हणाली, उस्ताद, जरा लांब उभे राहता का? आजकाल अनुभवाला काडीची किंमत नाही.

१३ मार्च, दुपारी
जिंकलो!! तीसही रायफली तपासून झाल्या. प्रत्येकीच्या पाच गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळजवळ, आणि प्रत्येक वेळी ती बशी वीतभर वर, उजवीकडे. कारखान्याचा दोष, शिक्कामोर्तब. घोंगड्या गेल्या खड्ड्यात.
बाईंनी एवढंच विचारलं, साइट कोणी जुळवल्या? छाती काढून सांगितलं, मी. एकट्याने. त्यांनी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. अहवालात माझं नाव येणार बहुतेक. उद्या सगळ्यांसमोर मारून दाखवा म्हणाल्या. अवश्य. बूट पॉलिश करून ठेवले.

१४ मार्च, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही.
बाईंनी स्वतः भरून दिलेली रायफल घेऊन आडवा झालो. दोन गोळ्या मारल्या, दोन्ही ठिपक्यात. तिसऱ्यांदा खटका दाबला, नुसतं टक्. मधे एक खोटं काडतूस घातलं होतं, मला न सांगता. आवाज नाही, धक्का नाही, तरी माझे डोळे मिटले, खांदा आक्रसला आणि नळी खाली डावीकडे गेली. तीस रंगरूटांनी पाहिलं. साहेबांनीही.
बाईंनी सगळ्यांना नीट समजावलं. उस्ताद दरवेळी असे दचकतात. त्यातूनही गोळी ठिपक्यात लागावी म्हणून त्यांनी साइट तेवढ्याच वर उजवीकडे सरकवल्या. मग सरळ मारणाऱ्याची चुकणारच, आणि दचकणाऱ्याची लागणार. रायफली उत्तम आहेत. पोरंही.
कोणी हसलं नाही. हसले असते तर ओरडता तरी आलं असतं.

१५ मार्च
बावीस वर्षं मला त्या आवाजाची भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही. माझीच मला घाण वाटते. त्या दोन तुकड्यांतली पोरं चांगली होती.

१८ मार्च
परीक्षा झाली. प्रत्येकाने आपापली साइट स्वतः जुळवून घेतली. लंबू पहिला. एकोणतीस पास. ससोबा नापास, एकही गोळी ठिपक्यात नाही. साहेब म्हणाले, कोठीचं नंतर बघू, आधी धडा पहिला करा. कुणाला शिकवायचा, असं विचारलं. त्यांनी रिकामी रायफल माझ्याच हातात दिली.

२१ मार्च
रोज संध्याकाळी मैदानावर दोघेच, ससोबा आणि मी. रिकाम्या रायफली. शेजारी शेजारी आडवं व्हायचं, खटका दाबायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. शिकवायला लंबू असतो. ओरडत नाही.
ससोबाचे आज सातव्या वेळी उघडे राहिले. माझे अजून नाही.