मौन माती आणि चंदेरी कोट

पाली, मंगळवार

प्रिय सागर,

फोनच करणार होते. पण हल्ली तू फोनवर नुसता "हं" म्हणतोस आणि पुढे इतका वेळ गप्प राहतोस की मला वाटतं रेंज गेली. ती नव्या अल्बमची तालीम होती हे मला उशिरा कळलं. म्हणून कागदावर लिहितेय. मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच, तेवढं तुला आता जमतं.

तर 'मौन माती' ऐकला. आठही गाणी, अंगणवाडीत बसून. माझी पोरं दुपारची कधी झोपत नाहीत, ती तिसऱ्या गाण्यालाच आडवी झाली. म्हणजे अगदीच वाया गेलं नाही हो तुझं काम. वीस वर्षं 'काजवे' या नावानं तुम्ही चौघे चंदेरी कोट-विजारी, उंच टाचांचे बूट आणि डोळे भरून काजळ घालून गिटारी बडवत होतात. मला रॉकमधलं काही कळत नाही, पण रत्नागिरीच्या मैदानावर तू उडी मारलीस की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा खुर्चीवरून उठायच्या. आता चाळिशी आली, कपाळ मागे सरलं, आणि चौघांना एका दिवशी परिपक्वता सुचली. खादीचे कुडते, अनवाणी पाय, आणि दोन ओळींच्या मध्ये एवढी शांतता की तेवढ्यात चहा टाकून यावा. मुलाखतीत म्हणालास, चमकी हा आमचा पोरकटपणा होता, आता आम्ही आमच्या मुळांकडे आलो. कुठली मुळं रे बाबा? तुझी मुळं मला ठाऊक आहेत, मी त्याच घरात भाकऱ्या थापतेय.

ते पाचवं गाणं. 'बाप माझा अबोल, हातांना भेगा खोल'. ऐकून मी रेडिओ बंद करावा तसा फोन पालथा घातला. आपले आबा आणि अबोल? पालीच्या बाजारात त्यांच्या शिलाई मशीनपेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं. बायका ब्लाऊजचं माप द्यायला यायच्या आणि तास-तासभर हसून जायच्या. नांगर त्यांनी आयुष्यात धरला नाही, शेत अनिलकाका बघायचा. हात तर माझ्याहून मऊ. आणि शिमग्यातला नमनाचा खेळ विसरलास? पन्नाशीपर्यंत ते गवळणीतली राधा व्हायचे, नंतर लोकांना हसवणारी मावशी. पदर खोचून, गालांना कुंकू फासून आबा, गावाचा महिपत शिंपी, पुढे आले की मृदंगवाल्या अनिलकाकाला हसू आवरत नसे, ताल चुकायचा. तुझ्या डोळ्यांत पहिलं काजळ कोणी घातलं? नववीच्या गॅदरिंगला, आबांनी, करंगळीनं. तू रडत होतास, पोरं हसतील म्हणून. आबा म्हणाले, हसू देत की, हसवायलाच तर चाललायस. पुढे त्या चार चंदेरी कोटांवर एकेक टिकली त्यांनीच टाचली, दोन महिने, डोळे फुटेस्तोवर. त्या माणसाला तू गाण्यात मुका करून टाकलास, कारण शहाण्या लोकांना गरीब, गप्प, वाकलेला बाप आवडतो. बोलका बाप, त्यातून लुगडं नेसणारा, तुझ्या नव्या कुडत्याला शोभत नसेल. लाज वाटते मला तुझी, अगदी सरळ सांगते.

वाटलं होतं आबा चिडतील. चिडले असते तर हे पत्र लिहिलंच नसतं. त्यांनी गाणं दोनदा ऐकलं आणि म्हणाले, पोरानं मोठं केलं मला. शिमगा पंधरा दिवसांवर आलाय. नमनाची मंडळी विचारायला आली तर त्यांना म्हणाले, यंदा मावशी दुसरी बघा, आता सागरचं नाव झालंय, त्याला कमीपणा नको. घुंगरं माझ्याकडे दिली, केसांचा टोप माळ्यावर टाकला. रविवारी तू त्या गाण्यासाठी त्यांचं चित्रीकरण करायला येणार, हे कळल्यापासून ते अनिलकाकाचं जुनं धोतर नेसून रोज दुपारी पडवीत बसतात. गप्प. वीस मिनिटं झाली की मला आतून बोलावतात, काय गो, दिसतोय का मी तसा? काल जेवायला बसले तर त्यांना घास धरता येईना. हात बघितले. गाण्यातल्यासारख्या भेगा दिसाव्यात म्हणून आठवडाभर ते मागच्या दगडी गडग्याच्या खरबरीत जांभ्यावर तळवे घासत होते. कातडं सोलवटलंय. मी ओरडले तर म्हणाले, तो एवढ्या लांबून माणसं घेऊन येणार, त्याला खोटं पाडू काय?

म्हणून सांगते, कॅमेरा आणू नको. तुझा चंदेरी कोट टाकला नसशील तर तो आण, त्याच्या उजव्या खांद्याच्या टिकल्या गळल्यात. आबांपुढे ठेव आणि म्हण, शिमग्याच्या आत लावून हव्यात. त्यांना सुई धरवणार नाही. टिकल्या मी लावीन, ते शेजारी बसून मला कशा लावायच्या ते सांगतील, आणि सांगताना गप्प बसायचे नाहीत.

तुझीच, अजून तरी,
दर्शनाताई