हलकी कुंडी आणि घंगाळ

कोथरूड, पुणे

ती. मुक्ताताईस,
धाकट्या रंगाचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा दोन अंगं कमी धर). तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? फोनवरच विचारलं असतं, पण सहा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडण्याआधी वाच.

वाईट बातमी आधी सांगतो. आईचं पितळी घंगाळ गेलं. तेच, ज्यावरून तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आपलं वाजलं. तू म्हणालीस, ते माझं आहे, बुडाला नाव आहे. मी चष्मा न लावताच बूड पाहिलं आणि "कुठंय?" म्हणालो. तेव्हापासून तुझी भाऊबीज बंद आणि घंगाळ माझ्या बाल्कनीत.

झालं असं, की नम्रताला नर्सरीतल्या सिमेंटसारख्या दिसणाऱ्या पण हलक्या कुंड्या आवडल्या. (बायकोला काही आवडलं की ते आपल्याला घरी जमेल असं मला का वाटतं, देव जाणे.) सिमेंट, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि परलाइट नावाचा पांढरा, हलका दाणा, तिन्ही सारख्या मापाने घ्यायचं. दाणा परातीत ओतला आणि उकडतंय म्हणून पंखा लावला. अर्धा दाणा शेजारच्या बापूरावांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला (ते अजून मला बघून चादर झटकतात). तेवढी भरती मी सिमेंटने केली. साचा म्हणून घंगाळ पालथं घातलं आणि वरून लिंपलं. मोबाइलवर ज्या व्हिडिओत बघून हे करत होतो, त्यातली बाई म्हणाली होती, आधी तेल लावा. मी लावलं, दोन्ही हातांना, पार कोपरापर्यंत. ते साच्याला लावायचं होतं, हे दोन दिवसांनी कळलं.

घंगाळ काही केल्या सुटेना. गरम पाणी झालं, लाटणं झालं, नम्रताचं बोलणं झालं. कुंडी फोडली असती तर घंगाळ वाचलं असतं, हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी कुंडी वाचवली. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमधला योगेश ग्राइंडर घेऊन आला. "काका, नक्की कापू ना?" असं त्याने दोनदा विचारलं आणि मी शहाण्याने दोन्ही वेळा हो म्हटलं. पितळेचे चार तुकडे झाले. आपण दोघंही त्यातल्याच पाण्याने न्हालो होतो.

घंगाळ माझं होतं, तरी तुला विचारायला हवं होतं. चुकलो. दाजींना नमस्कार, तुझ्या चेतनला आशीर्वाद.

तुझा,
रंगा

ता. क. वरचं "माझं होतं" खोडून वाच. तुकडे निघाल्यावर कुंडीच्या आत, तळाशी, उलटी अक्षरं उठलेली दिसली. नम्रताने दाढीचा आरसा धरला, मी चष्मा लावला. "चि. मुक्ता. बारसे. आजोळकडून." तुझ्या बारशाला मी जन्मलोही नव्हतो ताई, आणि हक्क सांगत बसलो.

ता. क. २. भाऊबीजेला ये आणि तुझी वस्तू घेऊन जा. चेतनला आण. हलकी कुंडी आम्हा दोघांना हलत नाही.

ता. क. ३. पाणी जायला तळाला भोक ठेवायचं राहिलंय. त्याशिवाय झाड जगणार नाही. योगेश म्हणतो, ड्रिलने आत्ता पाडतो, पण ते बरोबर "मुक्ता"वरून जातं. मी त्याला परत पाठवलं.