बिरजूच्या रक्तातली फौज

चंद्रपूर, मार्च १९८६

प्रिय बाई,

तुझी धाकटी बहीण आता दिवसभर लोकांचं रक्त बघते, आणि तरी दोन्ही वेळ पोटभर जेवते! दवाखान्याच्या प्रयोगशाळेतलं शिक्षण मला सोसणार नाही, असं तूच म्हणत होतीस ना? काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. मग दिसतात पांढऱ्या पेशी. नाव पांढऱ्या, रंगल्यावर मात्र वांग्यासारख्या जांभळ्या. मी तर त्यांच्या प्रेमातच पडले आहे. छातीत जंतू शिरल्याचा निरोप पोचला की त्या धावत सुटतात, जंतूंना गिळतात, आणि गिळता गिळता मरतातही. न्यूमोनियात आपण नाक मुरडून थुंकतो ना तो पिवळा कफ, त्यात ह्याच मेलेल्या पेशी असतात. बिचाऱ्यांचं कौतुक कुणी करत नाही.

परवा डांग्या खोकल्याच्या एका मुलाचं रक्त आलं. काच पेशींनी भरून गेली होती. एवढी फौज असून पोरगं बरं का होत नाही, म्हणून मी आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हा जंतू श्वासनळीला चिकटून बसतो आणि असं विष सोडतो की पेशींना रक्तातून बाहेरच पडता येत नाही. त्या येतात, दाटी करतात आणि तिथेच अडकतात. मला एकदम आपला बिरजू आठवला. खोकून खोकून निळा पडायचा, आई पाठ चोळत बसायची, आणि शेजारणी म्हणायच्या, "ह्या पोरात दमच नाई." बाई, खोटं होतं ते! दम होता. त्याचं इवलंसं अंग शेवटपर्यंत लढत होतं. आपल्या भावाचा मला इतका अभिमान वाटला, की डोळे पुसल्याशिवाय पुढचं काही दिसेना.

ज्या पेशींना ह्या जंतूची आधीच ओळख करून दिलेली असते, त्या मात्र फसत नाहीत. त्याला आणि त्याच्या विषाला अडवायची तयारी अंगात करून ठेवतात. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची तिहेरी लस त्यांना हेच शिकवते. शिकताना थोडं अंग तापतं, मांडी सुजते.

काल देवराव भाऊजी सिंदेवाहीहून आले आणि तुझा निरोप देऊन गेले: "पहिल्या सुईनं पोरगी रातभर तापली, आता दुसरी मी देऊ देत नाई." बाई, एक भाऊ हातचा गेलेला तू पाहिला आहेस. लेकीचं अंग गरम लागलं की तुझा जीव उडतो, हे मला कळतं. पण तो ताप आजाराचा नव्हता, आपली सुकरी शिकत होती. बिरजूच्या वेळी आपल्या गावात ही सुई आलीच नव्हती. बुधवारी नर्सबाई येतील. सुकरीला मांडीवर तूच धर, आणि ती रडली तरी सोडू नकोस.

तुझीच,
कुंता