दादाचं लॉगिन

तीर्थस्वरूप वहिनीस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? शेक घेता की कंटाळा करता? आधी हे कळवा, बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल.

आमच्या खुर्च्यांच्या कंपनीत सध्या नवीन खूळ आहे. साहेबांच्या डोक्यात आलं की विक्रीवाल्यांना एवढंतेवढं विचारायलाही संगणक विभागाच्या पाया पडावं लागतं, ते थांबावं. कुठली खुर्ची किती शिल्लक, कुठलं गिऱ्हाईक रुसलंय, हे ज्याने त्याने डेटाबेसला स्वतःच विचारावं. त्यासाठी एक साधन निवडायचं, आणि निवडणार कोण, तर मी! (माझी पात्रता एवढीच की बैठकीत आळस देताना माझे हात वर गेले.)

तीन साधनं चाचणीला आली. पहिल्यात प्रश्न संगणकाच्या भाषेत लिहायचा. आमच्या विक्रीच्या बाई अर्धा दिवस लिहीत बसल्या, एक स्वल्पविराम चुकला, आणि ते असं खेकसलं की बाई डबा न खाताच घरी गेल्या. दुसऱ्यात नुसते चौकोन ओढून एकमेकांना जोडायचे. हिशेबनीसांनी हौसेने सगळे चौकोन सगळ्यांना जोडले. मशीनने प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रत्येक खुर्ची विकून दाखवली आणि मान टाकली. तिसऱ्याशी मात्र आपण बोलतो तसंच बोलायचं. ते सगळ्यांना आवडलं, आणि तिथूनच माझी झोप उडाली.

आमच्याकडची एक खोड तुम्हाला ठाऊक नसेल. गोदामप्रमुख म्हणून दादाच्या लॉगिनला डेटाबेसची सगळी दारं उघडी होती. तो गेल्यावर ते बंद करायचा कुणाला धीर होईना (शिवाय सोयीचंही होतं), म्हणून वर्षभर अख्खं ऑफिस दादाच्याच नावाने आत शिरतंय. चाचणीही त्यावरूनच. बाईंनी विचारलं, आरामखुर्च्या किती? उत्तर आलं, "आकडा देतो, पण आधी गोदामात जाऊन डोळ्यांनी बघा." अहो, हे तर त्याचंच वाक्य! हिशेबनीसांचा चहा सांडला, तोही माझ्या पँटवर.

संगणक विभागाचे प्रमुख हसले. म्हणाले, दादाने प्रत्येक खुर्चीपुढे शेरे लिहून ठेवलेत (कुरकुरते, वयस्कर माणसाला देऊ नये, वगैरे), त्यावरून ते बोलायला शिकलं, एवढंच. मला पटलं. निर्धास्त होऊन मी विचारलं, न खपलेला माल कुठला? ते म्हणालं, "निळी आरामखुर्ची. विकू नकोस. आणि स्वेटरचं कोपर शिवून घे." स्वेटर दादाचा, वहिनी, तुम्हीच मला दिलेला. कोपर त्याच सकाळी दाराच्या कडीत अडकून फाटलं होतं. त्या मशीनला कॅमेरा नाही, मी मागे जाऊन, वाकून पाहिलं. (पाठ तेव्हाच धरली.) प्रमुखांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मी घाबरलो, आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

आता कुठलंही साधन घेतलं तरी ज्याला त्याला आपापलं लॉगिन मिळणार आणि दादाचं बंद होणार. "अजून तपासायचं आहे" म्हणून मी दोनदा मुदत वाढवून घेतली. साहेब म्हणाले, शुक्रवारी निकाल लाव, नाहीतर तुझीही खुर्ची शिलकीत धरू. तेव्हा शुक्रवारी संपलं सगळं.

मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
स्वेटरवाला दीर

ता. क. : निळी आरामखुर्ची मीच विकत घेतली. उद्या टेम्पोने तुमच्याकडे येईल. बैठक उंच आहे, उठताना त्रास होणार नाही म्हणे. परत पाठवू नका.

आणखी ता. क. : गुडघ्याचं उत्तर शुक्रवारच्या आत कळवा, फोनवर सांगितलंत तरी चालेल. खरं सांगायचं तर तुमचा गुडघा दुखतो हे मला माहीतच नव्हतं. वरची चौकशी माझी नाही. सकाळी मशीन उघडलं की मी काही विचारायच्या आत ते हेच विचारतं, कठड्यासकट, शेकासकट. मी रोज "विचारून सांगतो" म्हणतोय.