रविराजसारखाच, पण एक फूट मोठा

मु. पो. आपलं नेहमीचंच, ता. श्रीगोंदा
मंगळवार, उसाला तोड चालू आहे

ती. सौ. पुष्पाक्कास, धाकट्या कल्याणचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो आहे, पण साष्टांगच समज. चूकच तेवढी मोठी आहे.) दाजींची शुगर आता कितीवर आहे? सकाळी खरंच चालायला जातात, की चालायला म्हणून कर्जतच्या स्टँडवर भजी खाऊन येतात? इकडे आरतीची पाठ आहे तशीच आहे. आप्पांची तब्येत ठणठणीत आहे. ठणठणीत आहे हे पुन्हा एकदा लिहितो, कारण गेल्या पंधरवड्यात त्या बाबतीत तुला चुकीची बातमी मिळाली आणि ती माझ्यामुळे मिळाली. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. (फाडता येतं, पण तू वाचल्याशिवाय काही फाडत नाहीस हे मला लहानपणापासून माहीत आहे.)

तर सगळा दोष रविराजचा आहे. तू म्हणशील, बिचाऱ्या चुलतभावाला कशाला मधे ओढतोस. बिचारा? बन्सीनाना गेल्यावर वर्षाच्या आत त्यानं ‘कै. बन्सीनाना प्रतिष्ठान’ काढलं, रस्त्याकडचं एक एकर त्या ट्रस्टला देऊन टाकलं आणि तिथं वाचनालय बांधलं. लोक म्हणाले, काय दानत! कसली दानत, अक्का? त्याच्या दोन पोरांचं एकमेकांशी पटत नाही. हा गेल्यावर त्यांनी त्या एकरात मधोमध तार ओढली असती आणि आपापला तुकडा विकून गाड्या घेतल्या असत्या. नगरच्या वकिलानं त्याला सुचवलं, जमीन ट्रस्टला दे आणि दोघांना विश्वस्त कर. कुणाला विकता यायची नाही, नावही राहील आणि भांडायचं तर मिटिंगमध्ये भांडतील. म्हणजे वाटणीचं दुखणं यानं दानाच्या शालीत गुंडाळलं. आणि वाचनालयाला तर कायम कुलूप असतं. (हे मी स्वतः गावात सगळ्यांना सांगितलं आहे.)

पण त्या दिवसापासून तो ‘संस्थापक-अध्यक्ष’ झाला. रंगुबाईंच्या निकिताच्या लग्नात तू होतीसच. पत्रिकेत त्याचं नाव प्रमुख उपस्थितीत, वरून तिसरं, आमदारांच्या खाली. माझं नाव कुठे? ‘आपले विनीत’ संपल्यावर जी चौदा नावं मुंग्यांएवढ्या अक्षरात असतात, त्यात अकरावं. माइकवरून त्याला बोलावलं, फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. त्याच वेळी मला कुणीतरी म्हणालं, कल्याणराव, पाण्याचा टँकर आला का बघता? मी बघायला गेलो. टँकर आला होता. त्या टँकरच्या सावलीत उभा राहून मी जळलो, अक्का, खोटं कशाला बोलू. आम्ही दोघं एका पाटावर बसून अ आ ई शिकलो आणि त्याच्या डोक्यावर फेटा अन् माझ्या हातात टँकरची नळी!

मग मीही नगरला त्याच वकिलाकडे गेलो. आप्पांनी स्वतः घेतलेलं रस्त्याकडचं दोन एकर (रविराजचं एकच आहे, हे लक्षात घे) ट्रस्टला द्यायचं आणि आपणही प्रतिष्ठान काढायचं असा विचार सांगितला. वकील भला माणूस. तो म्हणाला, एकदा दिली की जमीन तुमची राहात नाही, उत्पन्न घरी नेता येत नाही, विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. मी मान डोलावत होतो, पण माझं लक्ष त्याच्या भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोंकडे होतं. त्यानं विचारलं, कुणाच्या स्मरणार्थ? मी म्हणालो, तीच तर अडचण आहे साहेब. रविराजचं नशीब, त्याचे वडील गेलेत. आमच्याकडे त्या मानाचं गेलेलं माणूसच नाही. वकील म्हणाला, हयात माणसाच्या नावानंही काढता येतं. मला तेवढंच ऐकू आलं.

खरं तर आधी आप्पांना विचारायला हवं होतं. जमीन त्यांची, नाव त्यांचं, माणूस ओट्यावर बसलेला. पण मला आधी फ्लेक्स हवा होता. फ्लेक्स लागला की गावात बोलबाला होईल आणि मग आप्पांना नाही म्हणता येणार नाही, असा माझा हिशेब. नागापूरला एमआयडीसीच्या कोपऱ्यावर जो फ्लेक्सवाला आहे, त्यानंच रविराजचा फ्लेक्स केला होता. आप्पांचा फोटो त्याला मोबाईलवर पाठवला आणि फोनवर सांगितलं, रविराजसारखाच कर, काहीही बदलू नकोस, फक्त एक फूट मोठा कर. अक्का, त्या माणसानं अक्षरशः तसंच केलं. आप्पांच्या फोटोला चंदनाचा हार, दोन्ही बाजूंना समया, वर ‘कैलासवासी’, खाली ‘भावपूर्ण स्मरण’. सगळं रविराजच्या फ्लेक्ससारखंच आणि एक फूट मोठं.

मी त्या दिवशी कारखान्यावर उसाच्या तोडीची चिठ्ठी आणायला गेलो होतो. टेम्पोवाल्यानं फ्लेक्स आणून चौकातल्या लोखंडी चौकटीवर चढवला आणि फोटो काढून मला पाठवला. मी फोटो उघडून न बघता तो तसाच घरच्या ग्रुपवर टाकला. वर ‘आपल्या सर्वांसाठी अभिमानाचा क्षण’ असं लिहिलंही. (तू जीप करून रडत आलीस तेव्हा तुझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं, ‘अभिमान कसला रे मेल्या?’) तू यायच्या आधी शेजारची केशरबाई दारातून हंबरडा फोडत आत आली होती. आप्पा ओट्यावर भाकरी कुस्करून दुधात खात होते. ते म्हणाले, ‘‘बस केशर. कोन गेलं म्हनायचं?’’ तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दुप्पट जोरानं ओरडली. संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस माणसं येऊन गेली. आप्पांनी प्रत्येकाला चहा पाजला, कोण रडत आलं आणि कोण नुसतंच आलं ते मनात नोंदवून ठेवलं. मग काठी टेकत चौकात गेले, फ्लेक्स डोळे भरून पाहिला आणि मला म्हणाले, ‘‘फोटू झ्याक हाय. पर मला इचारायला काय झालं हुतं? मी कुटं गेल्तो?’’

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मलाच गाडी काढायला लावली आणि त्या वकिलाकडे गेले. मला वाटलं, माझी तक्रार करतील. पण त्यांनी सरळ सांगितलं, दोन एकर ट्रस्टला द्यायचं हाय, पर पोरगं म्हनतंय तसं न्हाई. वकिलानं पुन्हा तेच विचारलं, कुणाच्या स्मरणार्थ? मी सवयीनं तोंड उघडलं. आप्पा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘‘तुजी आई काय माहेराला गेलीया का रं?’’

अक्का, आईला जाऊन बारा वर्षं झाली. फ्लेक्ससाठी घरातलं गेलेलं माणूस शोधत मी महिनाभर फिरलो, पण मला ती आठवली नाही. वकिलासमोर आप्पाच बोलत होते. तोडीला आलेल्या बाया पाचटाच्या कोप्यांतली तान्ही पोरं बांधावर ठेवायच्या, तेव्हा आई ती उचलून आणून आपल्या पडवीत झोळ्या बांधायची, ते सगळं त्यांनी सांगितलं. आता त्या दोन एकरांत तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी पाळणाघर होणार आहे. नाव आईचं, चांगुणाबाईंचं.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार, भज्यांचं मी लिहिलंय हे त्यांना दाखवू नकोस.

तुझा,
कल्याण

ता. क. एक सांगायचं राहिलं. (राहिलं नाही, आप्पांनी पहिल्याच ओळीत लिहायला सांगितलं होतं.) ट्रस्टची अध्यक्ष तू आहेस. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘झोळ्या हालवायला पुष्पा हुती. तू हिरीत पवत हुतास.’’ कागदावर सही करायला पुढच्या सोमवारी नगरला यायचं आहे. या वेळी सही करण्याआधी कागद वाच.

ता. क. २. वाच असं का लिहिलं, ते तुला कुणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो. वडिलोपार्जित रानाचं हक्कसोडपत्र करायला तुला नेलं, तेव्हा मी एक साडी दिली आणि कागद वाचू दिला नाही. आणि माझ्या प्रतिष्ठानाच्या विश्वस्तांच्या यादीत मी, आरती, आमचा अमृत आणि सूनबाई एवढीच नावं होती. तुझं नव्हतं. जमीन ट्रस्टला गेली असती, तर या दोन एकरांत तुझा वाटा उरला नसता आणि पुन्हा साडीही द्यावी लागली नसती. रविराजनं दानाच्या शालीत काय गुंडाळलं ते मला इतकं बरोबर कसं कळलं, हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल.

ता. क. ३. विश्वस्तांत एक जागा रिकामी आहे. आप्पा म्हणतात, मी की रविराज, ते पुष्पा ठरवील. म्हणूनच हे सगळं पत्र लिहिलं. तो तुला फोन करील, उचलू नकोस.

ता. क. ४. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. कागदांना जोडायला आईचा फोटो हवा होता आणि आपल्या घरात एकही निघाला नाही. आप्पा म्हणाले, रविराजकडे हाय. म्हणून आज पहिल्यांदा त्याच्या वाचनालयात गेलो. कुलूप नव्हतं. तीन पोरी पोलीस भरतीची पुस्तकं वाचत होत्या. बन्सीनानांच्या शेजारी भिंतीवर आई होती, त्याच्या लग्नातली, ओंजळीत अक्षता घेतलेली. रविराज मला म्हणाला, ‘‘माजी आई गेल्यावर काकूनीच जेवू घातलं की.’’ हार झेंडूचा होता आणि ताजा होता. अक्का, मी तिथंही जळलो, पण या वेळी टँकरजवळ जळलो तसा नाही.

त्याचा फोन उचल. जागा त्याला दे. आणि वकिलाला विचारून दोघांना घेता येत असेल, तर पाटीवर माझं नाव त्याच्या वर असू दे. बोटभर वर असलं तरी पुरे.